बावीसशे सतरा नंबरची नोंद

"काकू, तुम्ही दोनदा आहात," रेहाना म्हणाली.

मी आत कोकमचं सरबत ढवळत होते. तिथूनच विचारलं, "काय दोनदा?"

"नाव ओ तुमचं. दोन ओळींत आलंय. या की इकडं."

पदराला हात पुसत मी बाहेरच्या खोलीत गेले. दुपारचे तीन वाजले असतील. मिरजेचा एप्रिल. खिडकीला ओला पंचा लावलेला, आणि टेबलावर आदल्याच दिवशी आलेला नवा कॉम्प्युटर. शेजारी स्टुलावर जुना, हिरव्या अक्षरांचा. तो मी अजून हलवला नव्हता. सात वर्षं त्याच्यापुढे बसले होते. काम संपायच्या आधीच त्याला माळ्यावर टाकणं बरं वाटेना.

काम म्हणजे आमच्या निवेंडकर घराण्याचा कुलवृत्तान्त. कुळातला मूळ पुरुष कोण, तिथून शाखा कुठे कुठे गेल्या, कुणाला किती मुलं, कोण कुठे दिली, असं सगळं. पहिली आवृत्ती पन्नास-साठ वर्षांपूर्वीची. दुसरी काढायचं माझ्या मोठ्या दिरांनी, तात्यांनी, मनावर घेतलं. ते पुण्याला असत. त्यांनी गावोगाव पत्रं पाठवून माहिती जमवली, पहिली अडीच हजार नावं स्वतःच कॉम्प्युटरवर घातली, आणि डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा सगळ्या फ्लॉप्या एका बुटाच्या खोक्यात भरून माझ्याकडे धाडल्या. कॉलेजच्या ऑफिसात मी तीस वर्षं काढली होती, त्यातली शेवटची सहा कॉम्प्युटरवर. तेव्हा घरात हे काम करणारी मीच. प्रत्येक माणसाला एक नंबर आणि एक ओळ. नाव, जन्म, लग्न, मृत्यू. सून असेल तर माहेरचं नाव.

आता छापखान्याने सांगितलं, फ्लॉपी चालत नाही, सीडी द्या. वैशाखात कुलसंमेलन. त्यात पुस्तक निघायचं, म्हणजे आठ दिवसांत सीडी पुण्याला पोचायला हवी. म्हणून हा नवा कॉम्प्युटर, आणि म्हणून खालच्या मजल्यावर क्लास चालवणारी रेहाना मुजावर माझ्या खुर्चीत. जुन्यातली नावं नव्यात आणून द्यायची तिने कबूल केलं होतं.

"आधी किती माणसं होती म्हणालात?"

"चार हजार एकशे बारा."

"इथं एकेचाळीसशे त्रेचाळीस दाखवतंय. एकतीस वाढली की."

"माणसं अशी एका दुपारीत वाढतात होय गं?"

"तुमच्या खानदानाचं मी काय सांगू?" ती हसली आणि पडद्यावर बोट ठेवलं. "हे काका, बावीसशे सोळा. त्यांच्याखाली बावीसशे सतरा, सौ. मालिनी त्र्यंबक निवेंडकर. त्याच्याखाली अठरा, परत सौ. मालिनी त्र्यंबक निवेंडकर. डुप्लिकेट झालंय. जुन्यातनं नव्यात आणलं की असं होतंच. एकसारखी नावं हुडकून पहिलं ठेवायचं नि दुसरं उडवायचं, असा एक प्रोग्रॅम हाय माझ्याकडं. चालवू?"

"चालव बाई. मला चारआठ दिवसांत सगळं आटपायचंय."

चष्मा आत ओट्यावर राहिला होता. तो असता तर मी त्या दोन ओळी शेवटपर्यंत वाचल्या असत्या. सरबत घेऊन बाहेर आले तोवर तिचं झालं होतं.

"सत्तावीस उडाली. आता चारच जास्त हायत. ती उद्या बघू, माझी चारची बॅच आली असंल." उभ्या उभ्या तिने पेला रिकामा केला. "साखर कमी घाला ओ काकू, तुम्हालाच डायबेटिस."

ती गेल्यावर चष्मा लावून मी आधी आपलंच घर तपासायला घेतलं. माणूस नव्या आरशात आधी स्वतःचंच तोंड बघतो, तसं.

त्र्यंबक महादेव निवेंडकर, जन्म १९३५. बरोबर. पत्नी सौ. मालिनी. बरोबर. माहेरचे नाव द्वारका रामचंद्र ओळकर, धारवाड. जन्म १९४२. लग्न ९ मे १९५९. मृत्यू, आणि पुढे रिकामी जागा. अपत्ये : अविनाश, जन्म १९६४. मेधा, जन्म १९६७.

मी ते तीनदा वाचलं. मुलं माझी होती. नवरा माझा होता. नाव माझं होतं. त्या नावापुढचं एकही अक्षर माझं नव्हतं. मी गोदावरी दत्तात्रय फणसे, कुरुंदवाडची. जन्म १९४३, लग्न डिसेंबर १९६२.

शोधायच्या चौकटीत मी 'फणसे' असं घातलं. नोंद सापडली नाही. 'गोदावरी' घातलं. दोन सापडल्या, एक अठराशे नव्वदची, एक अमरावतीची. मी कुठेच नव्हते.

कुणीतरी दुसऱ्याच घरातली बाई चुकून इथे येऊन चिकटली असणार, असं मनाशी म्हणत मी जुना कॉम्प्युटर लावला. तो नेहमीसारखा खरखरला, आणि हिरवी अक्षरं उमटली. मालिनी त्र्यंबक. एकच. माहेरचे नाव गोदावरी दत्तात्रय फणसे. मुलं माझ्या नावाखाली. मला एकदम हायसं वाटलं.

मग नंबर पाहिला. बावीसशे अठरा. वरच्या ओळीत हे, बावीसशे सोळा. मध्ये सतरा नव्हताच.

ही फट मला नवी नव्हती. अशा फटी आणखी कुठे कुठे होत्या. मशीनचं काहीतरी असेल म्हणून मी कधी विचार केला नव्हता. एखाद्या जिन्याला एक पायरी नसावी आणि घरातल्यांच्या पायांना ते पाठ व्हावं, तशी ती नजरेला पाठ झाली होती.

जुन्यातून फ्लॉपी काढली आणि तीच नव्यात घातली. कसं करायचं ते रेहानाने दाखवून ठेवलं होतं. निळी पट्टी हळूहळू भरत गेली. चार हजार एकशे त्रेचाळीस. मी खाली खाली सरकत गेले. मी परत आले होते, बावीसशे अठरावर. आणि माझ्या डोक्यावर सतरा.

तीच फ्लॉपी. एका मशीनला एक बाई दिसत होती, दुसऱ्याला दोन.

तेवढ्यात वीज गेली. पंखा थांबला, आणि यूपीएस टूं टूं करायला लागला. खिडकीवरच्या पंच्याने अंधारलेल्या खोलीत कॉम्प्युटरचा पडदा तेवढा उजळ राहिला आणि त्यावर त्या दोन ओळी. मी तात्यांना फोन लावला.

"तात्या, द्वारका ओळकर कोण?"

"ते कुठून आलं?" त्यांनी विचारलं.

"नव्या कॉम्प्युटरवर दिसतंय."

"जुनं काहीतरी असेल. पुसून टाक."

"जन्मतारीख आहे. लग्नाची तारीख आहे. आणि ह्यांच्या नावाखाली आहे."

"चुकून आलंय म्हणतोय ना मी? आठ दिवस राहिलेत, मालिनी. नसत्या खोड्या काढत बसू नकोस."

"कुठल्या मालिनीला सांगताय?"

हे माझ्या तोंडून कसं गेलं कुणास ठाऊक. चाळीस वर्षांत तात्यांना मी उलट उत्तर दिलं नव्हतं. त्यांनी फोन ठेवला.

संध्याकाळी हे फिरून आले. चपला काढता काढता नेहमीसारखं म्हणाले, "मालिनी, चहा टाक गं." मी आत उभी होते. हाक ऐकली, आणि कधी नव्हे ते वाटलं की ती माझ्यावरून पुढे गेली. मागे वळून पाहिलं. मागे फक्त मांडणी होती.

त्या दिवशी मी त्यांना काही विचारलं नाही. अजून वाटत होतं, मशीनचंच काही असेल आणि सकाळी रेहाना येऊन नीट करील. उगाच त्या माणसाला काय विचारायचं? चहा दिला. पोळ्या केल्या. पोळ्या करताना मात्र लग्नाचा दिवस आठवत राहिला. नवरीचं नाव बदलायचं, म्हणून ताटात तांदूळ पसरून ठेवले होते. नवरे मुलगे तिथे अडतात, लाजतात, मित्र चिडवतात, कुणी म्हणतं अमुक ठेव, कुणी म्हणतं तमुक. ह्यांनी कुणाकडे पाहिलं नाही. अंगठी घेतली आणि एका दमात लिहिलं. माझी मावशी कौतुकाने म्हणाली होती, जावयबापूंनी पाठच करून ठेवलंय की.

दुसऱ्या दिवशी रेहाना दहालाच आली. मी तिला दोन्ही मशीन लावून दाखवली. तिने ओठ बाहेर काढला, जुन्याच्या पुढे बसली आणि काहीबाही हुकूम देत राहिली. मग हसायला लागली.

"काकू, तुमचं मशीन लबाड हाय."

"का?"

"हे जुने प्रोग्रॅम पुसत न्हाईत. तुम्ही पूस म्हटलं की हे नुसती एक खूण करून ठेवतंय, की ही ओळ दाखवायची न्हाई. ओळ तिथंच. नव्याला ती खूण कळत न्हाई, ते सगळं दाखवतंय. भूत न्हाई, काय न्हाई. ही बघा तुमची एकतीस."

एकतीस नावं तिने एकाखाली एक काढली. एक एक करत मी वाचत गेले. सव्वीस माझीच होती, म्हणजे माझ्याच चुका : एकच नाव दोनदा घातलेलं, मग एक पुसलेलं. राहिली पाच. त्यांचे नंबर अडीच हजाराच्या आतले. ती फ्लॉप्या माझ्याकडे येण्याच्या आधीच पुसलेली होती. पाचही बायका. एक वेंगुर्ल्याच्या शाखेतली, एक नागपूरची, दोघी बहिणी जतच्या. त्यांना मी ओळखत नव्हते. पाचवी बावीसशे सतरा.

रेहानाने ती ओळ वाचली. मग खालची, माझी वाचली. हसू मावळलं.

"काकू, हे डुप्लिकेट न्हाई."

"नाही."

"मी काल तुम्हालाच उडवलं की ओ. नि पोरं तिला देऊन टाकली."

"तुझी काय चूक? नाव एकच."

ती म्हणाली, "आमच्यात लगीन झालं तरी नाव तेच राहतंय बघा. मी पहिल्यापास्नं रेहानाच. एका नावानं दोन फाइली ठेवता येत न्हाईत काकू. दुसरी पहिलीवर बसती, नि पहिली कुठं गेली कळत न्हाई. मी पोरींना पहिल्या दिवशी हेच शिकवते." आणि लगेच जीभ चावली. "मी आपलं कॉम्प्युटरचं बोलले हं."

"कळलं मला."

"आता पक्कं पुसायचं असंल तर तोही हुकूम हाय. एकदा दिला की कायमचं जातंय, मग कुणाच्या बापाला सापडत न्हाई. देऊ?"

फोन वाजला. तात्या होते. "पुसलंस का?" एवढंच विचारलं.

"बघते," म्हटलं आणि ठेवला. रेहानाला म्हटलं, "तू आत्ता जा. संध्याकाळी सांगते."

हे गॅलरीत बसून सुपारी कातरत होते. जेवणाआधी दिवसभराची सुपारी कातरून डबीत भरायची, हा त्यांचा रोजचा नेम. मी दारात उभी राहिले.

"ओळकर कोण?"

अडकित्ता थांबला. त्यांनी वर पाहिलं नाही.

"तात्याने पुसलं होतं ते," ते म्हणाले.

म्हणजे मशीनचं काही नव्हतं. तोवर मला वाटत होतं ते एवढ्या तीनचार शब्दांत गेलं. मी खाली उंबऱ्यावरच बसले.

"किती दिवस होती?"

"सात महिने."

"मग?"

"फिट यायची तिला. लग्नाआधी त्यांनी लपवलं. एकदा शेगडीपाशी पडली, आई घाबरली. तिच्या वडलांना बोलावून घेतलं. म्हटलं, घेऊन जा, बरी झाली की पत्र टाका, आम्ही न्यायला येऊ."

"टाकलं त्यांनी पत्र?"

"टाकलं."

"मग?"

"तोवर आपण धारवाड सोडून मिरजेला आलो होतो."

आपण, असं म्हणाले ते. मी तेव्हा कुरुंदवाडला शाळेत जात होते.

"सोडचिठ्ठी?"

"कोर्टात गेलं की बोभाटा होतो, असं तात्या म्हणाला. तात्यानेच सगळं बघितलं. पत्रंही त्याच्याकडेच जायची."

"आहे का गेली?"

"माहीत नाही."

"कधी चौकशी नाही केलीत?"

त्यांनी सुपारीचं एक खांड उचललं, उलटसुलट पाहिलं आणि परत ठेवलं.

"आणि माझं नाव तेच का?"

ह्याचं उत्तर त्यांनी लगेच दिलं. त्यांना ते साधंच वाटत असावं. "रेशनकार्डावर होतं. ऑफिसात माझ्या कागदांवर होतं. भांड्यांवर घातलेलं होतं. आई म्हणाली, कशाला बदलाबदली करायची? नवीन गाव. कुणाला काय कळतंय?"

"मग मी कोण?"

ते खरोखरच गोंधळले. माझ्याकडे पाहिलं, आणि समजूत घालावी तसं म्हणाले, "असं काय विचारतेस? तू मालिनी."

दुपारी मी मांडणीवरची भांडी काढली. दोन पातेली, घागर, परात, सहा ताटं. सगळ्यांवर ठोकून घातलेलं, सौ. मालिनी त्र्यं. निवेंडकर. लग्न होऊन आले तेव्हा ती मांडणीत तयारच होती. केवढी हरखले होते मी! मी यायच्या आधीच माझ्या नावाची भांडी. माहेरी आईला सांगितलं होतं, किती हौशी माणसं आहेत. रेशनकार्डही तसंच. आठवड्याने सासूबाईंनी ते माझ्या हातात दिलं, तर माझं नाव आधीच लिहिलेलं, आणि शाई पार फिकी पडलेली. शाईच तशी असेल, असं वाटलं.

आणि ती धारवाडची म्हातारी. पासष्ट साल असेल. अविनाश रांगत होता. सासूबाईंच्या जुन्या शेजारीणबाई मिरजेला दवाखान्यासाठी आल्या आणि आमच्याकडे उतरल्या. मी पाया पडले. त्यांनी हनुवटी धरून माझा चेहरा उजेडाकडे फिरवला. त्यांना नीट दिसत नव्हतं. "मालिनी ना गं? तब्येत सुधारली हो हिची. धारवाडला अगदी काडी होती. बरं झालं बाई आणलीत परत." मी धारवाड कधी पाहिलंही नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "हो हो, आता अगदी छान आहे," आणि मला आत पिटाळलं, खीर बघ म्हणून. म्हाताऱ्या माणसाचा घोटाळा झाला म्हणून आम्ही सगळे नंतर हसलो होतो. मीसुद्धा.

मी भांडी पालथी घालून परत मांडली. त्यातच रात्रीचा स्वयंपाक केला. दुसरी भांडी होती कुठे?

संध्याकाळी रेहाना आली. मी तिला खुर्ची दिली नाही, स्वतः बसले.

"पुसायचं?" तिने विचारलं.

"माझ्या सव्वीस चुका पूस. त्या पाच राहू देत."

"तुमचे तात्या?"

"तात्यांना अजून वाटतंय, पुसलं की जातं," मी म्हटलं. रेहाना खुदकन हसली.

सव्वीस ओळी एक एक करून घालवल्या. मग मी बावीसशे अठरावर गेले. नावाच्या रकान्यात 'मालिनी' होतं. ते खोडलं. जागा रिकामी झाली आणि ती छोटी उभी रेघ तिथे लुकलुकत राहिली. साठाव्या वर्षी स्वतःचं नाव घालायचं तर काय घालायचं, हे एखाद्याला विचारावंसं वाटत होतं. मग 'गोदावरी' घातलं. दिसायला ते परक्या बाईचं दिसत होतं.

"छान हाय की ओ," रेहाना म्हणाली. "जुनं नाव?"

"हो."

वरच्या ओळीला मी हात लावला नाही. सौ. तसंच ठेवलं. मृत्यूची जागा रिकामी ठेवली. जे माहीत नाही ते भरायचं नसतं, हा तात्यांचाच नियम. मुलं माझ्याखालीच आहेत ना, तेवढं पाहून घेतलं. एकूण चार हजार एकशे सतरा. सीडी करून दुसऱ्या दिवशी मी स्वतः जाऊन कुरिअरला दिली. तात्यांनी फोन केला तेव्हा सांगितलं, पाठवली. पुसलं का, हे त्यांनी विचारलं, पण मी त्या वेळी तुम्हाला ऐकू येत नाही का, आवाज येत नाही का, असं काहीतरी म्हणत फोन ठेवला. जन्मात एकदा तसं केलं.

संमेलनात पुस्तकं वाटली तेव्हा हॉलमध्ये दोनशे माणसं होती. जो तो आपापलं पान काढून बघत होता. तात्यांनी भिंग लावून आमचं पान वाचलं. मोतीबिंदू काढला तरी भिंग लागायचं. पुस्तक मिटलं आणि माझ्यापाशी आले.

"हे काय केलंस तू, मालिनी?"

"मालिनी वरच्या ओळीत आहे, तात्या. मी खालची."

त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत, पार वारेपर्यंत. ह्यांनी घरी आल्यावर ते पान काढून बराच वेळ पुढ्यात धरलं होतं. मग म्हणाले, "छपाई छान आहे." मला मात्र त्या दिवसापासून त्यांनी नावाने हाक मारली नाही. जुनं त्यांना मारवेना, नवं जिभेवर बसेना. अगं, ऐकलंस का, एवढ्यावरच भागवत.

पुढल्या वर्षी माघात हुबळीहून पाकीट आलं. वर नाव संपादक मंडळाचं, पत्ता आमचा, कारण पुस्तकात दुरुस्त्यांसाठी तोच छापला होता. अक्षर वळणदार, मराठी थोडं कानडी धाटणीचं. कुणी राघवेंद्र ओळकर. मी ते बाहेरच्या खोलीत उभ्या उभ्या वाचलं.

ओळखीच्यांकडे आपला कुलवृत्तान्त पाहायला मिळाला, त्यात आमच्या आत्याबाईंचं नाव आहे, म्हणून मागून घेतला, असं लिहिलं होतं. पुढे त्याच्याच शब्दांत : आत्याबाईंना दिसत नसे, म्हणून मी वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग विचारलं, माझ्यापुढे मृत्यू लिहिलाय का? म्हटलं, नाही, जागा रिकामी आहे. म्हणाल्या, मग ठीक आहे, म्हणजे त्यांना माहीत आहे. शेवटपर्यंत कुंकू लावत. सहीही सौ. मालिनी त्र्यंबक निवेंडकर अशीच करत, बँकेतसुद्धा. तेवढं पान कापून द्या म्हणाल्या, पण पुस्तक दुसऱ्याचं, म्हणून मी झेरॉक्स काढून दिली. ती त्यांच्या उशाशी असे. पंधरा जानेवारीला, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, त्या वारल्या. पुढील आवृत्तीत तारीख घालावी ही विनंती.

खाली आणखी एक ओळ होती. 'गोदावरीबाई कोण, असे त्यांनी विचारले होते. आम्हाला सांगता आले नाही.'

मी कॉम्प्युटर लावला. बावीसशे सतरावर गेले, रिकाम्या जागेत पंधरा, एक, दोन हजार चार असं घातलं, आणि ते नीट साठलं की नाही हे बंद करून, परत उघडून पाहिलं. साठलं होतं.

हे गॅलरीत होते. पेपर वाचता वाचता डोळा लागला होता, चष्मा नाकावर घसरलेला. मी खांद्याला हात लावला.

"उठा," म्हटलं. "आंघोळ करा."

"आत्ता? सकाळी झाली की."

"परत करा. तुमची बायको गेली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातातल्या पाकिटाकडे पाहिलं. पेपराची घडी घातली, चष्मा तिच्यावर ठेवला, आणि नेसत्या धोतरानिशी मोरीत गेले. आतून पहिल्या तांब्याचा आवाज आला. पाणी गारच होतं. तापवून द्यायला मी उठले नाही.